सासऱ्यांची मानद डॉक्टरेट आणि दीराची वन सिटिंग डिग्री

गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून छापत नाही, आणि पत्र चार पानी आहे त्यामुळे थोडक्यात सांगते. सासरे ७१ वर्षांचे, सत्तरी तालुक्यातल्या प्राथमिक शाळांमधून शिकवून रिटायर झालेले, आणि गावच्या जत्रेला, काल्याला जी मराठी नाटकं होतात ती यांनीच आयुष्यभर बसवली. मागच्या महिन्यात त्यांना व्हॉट्सॲपवर पत्र आलं की एका 'इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी'ने रंगभूमीसाठी त्यांना मानद डॉक्टरेट जाहीर केलीय, कार्यक्रम कळंगुटच्या एका हॉटेलात, आणि 'सहभाग योगदान' ३५ हजार रुपये, त्यात गाऊन, मेडल, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आणि दोन माणसांचं जेवण. नवऱ्याने बुकिंगचे १० हजार जीपेवर भरूनसुद्धा टाकले. सासऱ्यांनी देवळाच्या कमिटीत सांगितलं, आता चवथीच्या बॅनरवर नावाच्या आधी 'डॉ.' घालायचं ठरतंय. आणि हे सगळं चालू असतानाच दीर, वय २९, बारावी सायन्स, कुंडईला फार्मा कंपनीत स्टोअरला आहे, त्याला प्रमोशनसाठी ग्रॅज्युएशन हवं, तर म्हापशाचा एक एजंट त्याला ८५ हजारात 'वन सिटिंग' बीएस्सी, म्हणजे तीन वर्षांचा कोर्स एकाच परीक्षेत, देतो म्हणतोय, मार्कशीट मागच्या तारखेची.

ताईंचा प्रश्न असा: "हे खरं आहे का खोटं ते मला कळत नाही. वेबसाइट छान आहे, अमेरिकेत रजिस्टर्ड आहे, आयएसओ आहे, नीती आयोगाचा लोगो आहे. मी काही बोलले तर घरात म्हणतील की सुनेला सासऱ्याचं कौतुक बघवत नाही."

ताई,

आधी पैशांचं बोलते कारण त्याला घाई आहे. राहिलेले २५ हजार भरू देऊ नका. दीराला एजंटकडे ओरिजिनल बारावीचं सर्टिफिकेट आणि आधार देऊ देऊ नका, दिलं असेल तर आजच परत आणायला सांगा. बाकीचं सगळं निवांत बोलता येईल, हे दोन आधी करा.

आता खरं का खोटं. भारतात डिग्री कोण देऊ शकतं हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १९५६ च्या कायद्यात कलम २२ मध्ये अगदी सरळ लिहिलंय. संसदेच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ, राज्याच्या विधानसभेच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ म्हणजे ज्याला आपण डीम्ड म्हणतो ते, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, बस्स, याच्या बाहेर कोणालाही डिग्री देता येत नाही. आणि कलम २३ म्हणतं की बाकीच्यांनी स्वतःच्या नावात 'युनिव्हर्सिटी' हा शब्दसुद्धा लावायचा नाही. आपलं गोवा विद्यापीठ घ्या, विधानसभेने कायदा केला तेव्हा ते १९८५ साली उभं राहिलं, त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं आणि डिग्रीवर नाव मुंबईचं यायचं, कारण डिग्री द्यायचा अधिकार मुंबईकडे होता. म्हणजे इमारत, प्राध्यापक, विद्यार्थी सगळं असून चालत नाही, अधिकार कुठल्या कायद्यातून आला ते दाखवावं लागतं. तर त्या कळंगुटवाल्यांना एवढा एकच प्रश्न विचारायला सांगा तुमच्या मिस्टरांना, की तुमचं विद्यापीठ कुठल्या कायद्याने झालं, कायद्याचं नाव आणि साल पाठवा. उत्तरात ते आयएसओ पाठवतील, ट्रस्टचं रजिस्ट्रेशन पाठवतील, कंपनीचं सर्टिफिकेट पाठवतील, पण कायदा पाठवणार नाहीत कारण तो नसतोच.

हे जे लोगो असतात ना त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण माणूस तिथेच फसतो. आयएसओ हे कामकाजाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, बिस्किटाच्या फॅक्टरीलाही मिळतं, त्याचा डिग्रीच्या मान्यतेशी काही संबंध नाही. नीती आयोगाचं म्हणाल तर त्यांचं दर्पण नावाचं पोर्टल आहे, तिथे कुठलीही एनजीओ स्वतः जाऊन नोंद करते आणि नंबर मिळतो, याचा अर्थ नीती आयोगाने त्यांच्या डॉक्टरेटला मान्यता दिली असा मुळीच होत नाही. एमएसएमईची नोंदणी तशीच, उद्योग म्हणून नोंद. ट्रेडमार्क म्हणजे नाव आणि चिन्ह राखून ठेवलं एवढंच. काही जण सर्टिफिकेटवर ॲपोस्टिल मारून देतात परराष्ट्र खात्याचं, ते बघून तर लोकांचा पूर्ण विश्वास बसतो, पण ॲपोस्टिलने फक्त कागदावरची सही-शिक्का कोणाचा आहे एवढंच पडताळलं जातं, कागदात जे लिहिलंय ते योग्य आहे की नाही याची जबाबदारी कोणी घेत नाही. हे सगळे कागद एकेकटे खरे असू शकतात, म्हणूनच तुम्हाला कळत नाहीये, तुमची समज कमी आहे म्हणून नव्हे.

अमेरिकेचं पण सांगते. तिथे कंपनी रजिस्टर करणं सोपं आहे आणि इथे बसून करता येतं. कंपनी रजिस्टर झाली म्हणजे विद्यापीठ झालं असं तिथेही नाही. तिथे राज्याची परवानगी वेगळी आणि ॲक्रेडिटेशन वेगळं, आणि ॲक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थेला परत तिथल्या शिक्षण खात्याची नाहीतर 'चिया' नावाच्या परिषदेची मान्यता असावी लागते. ही शेवटची पायरी महत्त्वाची, कारण खोटी विद्यापीठं आपल्याला ॲक्रेडिटेशन देणारी खोटी संस्थासुद्धा स्वतःच काढतात. २०१५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं, त्यात शेकडो वेबसाइट होत्या, अमेरिकन वाटणारी कॉलेजांची नावं, हसरे प्राध्यापक, आणि त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थांच्या पण वेबसाइट तिथेच बनवलेल्या. फोनवर बोलणारी माणसं कराचीत बसलेली. तेव्हा वेबसाइट छान आहे हा पुरावा धरू नका. इंग्लंडमध्ये तर मान्यता नसताना ब्रिटिश डिग्री देऊ करणं हा १९८८ च्या कायद्याने गुन्हाच आहे. आणि परदेशी डिग्री अगदी खरी असली तरी इथे नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला लावायची तर समकक्षता घ्यावी लागते, इतकी वर्षं ते काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करत होती आणि २०२५ मध्ये यूजीसीने त्यासाठी स्वतःचे नियम आणलेत.

तुम्ही विचाराल की एवढा कायदा आहे तर हे लोक उघड कळंगुटला हॉल घेऊन कार्यक्रम कसे करतात. मला याचा खरंच राग येतो म्हणून सांगते. १९५६ च्या त्या कायद्यात कलम २४ खाली दंड किती आहे माहितीये? जास्तीत जास्त १ हजार रुपये. तेव्हा तो मोठा वाटला असेल, आज तुमच्या घरातून घेतलेल्या बुकिंगच्या रकमेचा दहावा हिस्सा आहे. यूजीसी दर थोड्या काळाने बोगस विद्यापीठांची यादी काढते, ऑगस्ट २०२३ च्या यादीत २० नावं होती, त्यातली ८ एकट्या दिल्लीची, आपल्या शेजारचं बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकचं एक नाव वर्षानुवर्षं त्या यादीत आहे, नागपूरचं एक आहे. यादी निघते, पेपरात येते, लोक वाचतात आणि ती दुकानं चालूच राहतात. आणि यादीत नाव नाही म्हणजे खरं, असंही समजू नका, या मानद डॉक्टरेटवाल्यांची नावं इतक्या वेगाने बदलतात की यादी त्यांच्या मागे धावून पुरत नाही.

बरं, मान्यता नाही म्हणजे सगळंच फसवणूक असंही माझं म्हणणं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण घरी वाद होईल तेव्हा कोणीतरी हा मुद्दा काढेल. आपल्याकडे गावोगावची मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात, तबल्यात विशारद होतात, गाण्यात अलंकार होतात. ते मंडळ काही विद्यापीठ नाही, आणि ते स्वतःला विद्यापीठ म्हणवतही नाही. परीक्षा घेतात, परीक्षक समोर बसतात, वाजवून दाखवावं लागतं, नापास पण करतात, आणि त्या विशारदला गोव्यात मान आहे कारण मागे वर्षानुवर्षांचा रियाज आणि गुरूचं नाव असतं. कोणी कीर्तनाचा वर्ग घेतं, कोणी ऑनलाइन संस्कृत शिकवतं, शेवटी सर्टिफिकेट देतं, काहीच वाईट नाही त्यात. फरक एवढाच की ते आपण जे आहोत तेच सांगतात. जो शिकवत काहीच नाही, तपासत काहीच नाही, आणि 'डॉक्टरेट' देतो, त्याच्याकडे विकायला फक्त तो शब्द आहे.

आता मानद डॉक्टरेट म्हणजे नक्की काय ते. खऱ्या विद्यापीठांना असा अधिकार असतो, डी.लिट., एलएल.डी. अशा पदव्या ते सन्मान म्हणून देतात, विद्यापीठाच्या समित्यांमध्ये नाव जातं, कुलपतींची मंजुरी लागते, आणि पदवीदान समारंभात सगळ्यांसमोर देतात. ज्याला द्यायची त्याने अर्ज करायचा नसतो आणि पैसे भरायचे नसतात, गाऊनचे पण नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण घ्या म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच माणसात दिसतील. १९२३ ची लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एससी. आणि १९२७ ची कोलंबियाची पीएच.डी., या त्यांनी अभ्यास करून, प्रबंध लिहून कमावल्या. १९५२ साली कोलंबियाने एलएल.डी. आणि १९५३ साली उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट. दिली, या मानद. त्यांच्या नावामागे आपण जे 'डॉक्टर' म्हणतो ते पहिल्या दोन पदव्यांचं आहे, आणि नंतरच्या दोन पदव्या म्हणजे राज्यघटनेसारखं काम बघून दोन विद्यापीठांनी केलेला नमस्कार आहे. मानद पदवी असलेल्याने नावाआधी डॉ. लावू नये असा संकेत जगभर पाळतात, न पाळणारेही आहेत. आपल्याकडे तर घटनेच्या १८ व्या कलमाने किताबच बंद केलेत, लष्करी आणि शैक्षणिक सोडून, आणि पद्म पुरस्कारसुद्धा नावाच्या आधी-नंतर लावायचा नाही असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलंय. जिथे पद्मश्री बॅनरवर नावाला जोडता येत नाही तिथे हॉटेलातल्या डॉक्टरेटचं काय घेऊन बसलात.

खरी विद्यापीठंसुद्धा कधी कधी मंत्र्यांना, देणगीदारांना मानद पदव्या वाटतात, ते कायद्यात बसतं पण मला ते पटत नाही, आणि त्यामुळेच लोकांना वाटायला लागतं की सगळीकडे हेच चालतं मग आपणही ३५ हजार भरले तर काय बिघडलं. बिघडतं असं की तुमच्या सासऱ्यांचं काम खरं आहे.

मला तुमच्या पत्रातला जो भाग सगळ्यात जास्त भिडला तो तुम्ही सहज लिहिलाय, की बाबा अजून नाटकाच्या वह्या जपून ठेवतात, कुठल्या साली कोणी कुठली भूमिका केली, पेटीवर कोण होतं, पडदा कोणाकडून आणला. ताई, हा माणूस गावातल्या चार पिढ्यांना रंगमंचावर उभं करतो, शेतात राबून आलेल्या पोरांकडून रात्री अकरापर्यंत तालमी करून घेतो, त्यांचे उच्चार सुधारतो, आणि पहाटेपर्यंत चालणारं नाटक देवळासमोर उभं करतो, त्याला डॉक्टरेट द्यायची लायकी त्या दुकानदारांची नाही. त्यांनी बाबांचं एकही नाटक बघितलेलं नाही. त्यांनी फेसबुकवर कोणीतरी टाकलेला बाबांच्या सत्काराचा फोटो बघितला आणि मेसेज केला, असंच शंभर जणांना केला असणार, त्यात कोणी भजनी असेल, कोणी योगशिक्षक, कोणी बिल्डर. सगळ्यांना एकाच दिवशी एकाच हॉलमध्ये एकच गाऊन. माझा आक्षेप पैशांपेक्षा याला जास्त आहे, की आयुष्यभराच्या खऱ्या कामाच्या शेजारी हा खोटा कागद लागला की उद्या कोणीतरी यादी बघून म्हणेल की अरे ती डॉक्टरेट विकतची, आणि मग त्याच तोंडाने म्हणेल की नाटकं पण काय बसवली असतील. हे होऊ द्यायचं नाही.

तेव्हा सांगायचं कसं. तुम्ही एकटीने सांगू नका. तुम्हाला जी भीती वाटतेय ती बरोबर आहे, सुनेच्या तोंडून आलं की त्याचा अर्थ वेगळा लागतो, न्याय नाहीये पण आपल्याकडच्या घरात असंच होतं. आधी नवऱ्याशी बोला, त्याला हे वाचायला द्या, कायद्याचं नाव विचारणारा मेसेज त्यालाच त्या लोकांना पाठवू दे आणि उत्तर काय येतं ते त्यालाच बघू दे. मग त्याने आणि तुम्ही मिळून बाबांशी बोलायचं, घरात, कमिटीचं कोणी नसताना. 'तुम्ही फसलात' या शब्दाने सुरुवात करू नका, शिक्षक माणूस आहे, अख्ख्या गावाला अक्षर शिकवलंय, तो शब्द फार लागेल. सांगा की बाबा आम्ही चौकशी केली, या लोकांना डिग्री द्यायचा अधिकार नाही, आणि तुमचं नाव आम्हाला त्यांच्याबरोबर लावायचं नाही. ते स्वतः मास्तर आहेत, परीक्षा न घेता पास केलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी कधी सही केली नसेल, त्यांना हे आपल्यापेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं. वाईट वाटेल, दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. कमिटीला काय सांगायचं हा प्रश्न त्यांना सगळ्यात जास्त टोचेल, त्याचं उत्तर तयार ठेवा, 'चौकशी केली, संस्था बरोबर वाटली नाही म्हणून आम्हीच नको म्हटलं', यात कमीपणा काहीच नाही, उलट नको म्हणणारा माणूस मोठा दिसतो.

आणि नुसतं काढून घेऊ नका, काहीतरी करा त्यांच्यासाठी. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती खात्याची कला सन्मान योजना आहे, कलाकारांना दरमहा मानधन असतं, बाबांनी अर्ज केलाय का ते तुमच्या पत्रात नाही. खात्याचं ऑफिस पणजीला पाटोवर संस्कृती भवनात आहे, अटी काय, कागद कुठले ते तिथेच जाऊन विचारा. त्याच खात्याचे राज्य सांस्कृतिक पुरस्कार असतात, त्यासाठीही त्यांचं काम नीट लिहून, फोटो-कात्रणं लावून ठेवायला हवं. या सन्मानांना फी नाही. आणि त्या वह्या, त्या खरंच सोनं आहेत, चांगल्या फोटोकॉपी करून घ्या, मोबाइलवर स्कॅन करा, बाबांना समोर बसवून एकेका नाटकाबद्दल बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात विचारा प्रती ठेवतात का, विद्यापीठाच्या मराठी विभागात विचारा. गावच्या उत्सवी नाटकांवर उद्या कोणी खरी पीएच.डी. करायला बसलं तर त्याला आधी अशाच वह्या लागतील. आणि कमिटीला म्हणावं बॅनर करायचाच तर करा, पण नावाआधी 'नाट्यदिग्दर्शक' लिहा, 'मास्तर' लिहा, गाव त्यांना ज्या नावाने हाक मारतं ते लिहा. आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांना 'सूरश्री' म्हणतात, ती पदवी कोलकात्याच्या संगीतप्रेमींनी दिलेली, विद्यापीठाची नव्हे, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांचा आवाज आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून बाहेर पडले, श्रीलंकेत जाऊन पाली शिकले, औपचारिक शिक्षण फारसं नसताना फर्ग्युसनमध्ये शिकवलं, हार्वर्डमध्ये संपादनाचं काम केलं. आपल्याच मातीतली माणसं आहेत ही, बाबांना ही नावं तुम्ही सांगायची गरज नाही, तेच तुम्हाला सांगतील.

आता दीर. त्याच्या बाबतीत मी कडक बोलणार आहे कारण सासऱ्यांच्या बाबतीत फार तर पैसे आणि थोडी लाज जाईल, इथे पोलीस केस होऊ शकते.

तुम्ही लिहिलंय की एजंटने ज्या विद्यापीठाचं नाव घेतलं ते यूजीसीच्या साइटवर आहे, म्हणून दीर निर्धास्त आहे. ताई, हे लोक खऱ्याच विद्यापीठाचं नाव घेतात. विद्यापीठ खरं असलं तरी तीन गोष्टी वेगळ्या बघायच्या असतात, त्याला डिस्टन्स किंवा ऑनलाइन शिकवायची परवानगी आहे का, तोच कोर्स त्या परवानगीत आहे का, आणि ज्या वर्षी ॲडमिशन घेतोय त्या वर्षासाठी आहे का. हे यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर वर्षावार दिसतं. शिवाय २०२४ पासून डिस्टन्सला ॲडमिशन घेणाऱ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, तो एजंटने नव्हे विद्यार्थ्याने काढायचा. काही कोर्स तर डिस्टन्सने करताच येत नाहीत, फार्मसी, नर्सिंग, इंजिनिअरिंग, कायदा, आणि गोव्यातल्या पोरांनी मुद्दाम लक्षात ठेवावं असं हॉटेल मॅनेजमेंट. पीएच.डी. पण डिस्टन्सने नाही. कोणी देतो म्हणाला की समजायचं.

पण हे सगळं राहूच दे, त्याच्या केसमध्ये एवढं बघायचीही गरज नाही. तीन वर्षांचा कोर्स एका परीक्षेत आणि मार्कशीट मागच्या तारखेची म्हणजे तो कागद खोटा आहे, विद्यापीठ कुठलंही असो. तो बनवणं आणि तो खरा म्हणून कंपनीत देणं दोन्ही गुन्हे आहेत, आधी आयपीसीत ४६८, ४७१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३३६ आणि ३४०. एजंट म्हणतो व्हेरिफिकेशन पण करून देतो, करून देईलही, विद्यापीठातला एखादा माणूस किंवा नुसती दुसरी बनवलेली वेबसाइट हाताशी असेल. उद्या तो माणूस पकडला गेला की तपासात आधी कोणाची यादी निघते? ज्यांनी घेतली त्यांची. मी बरीच वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काम केलंय, कंपन्यांची व्हेरिफिकेशनची पत्रं थेट रजिस्ट्रारकडे जातात, आणि ती प्रमोशनच्या वेळीच येतात असं नाही, कंपनी विकली गेली, नवीन मॅनेजमेंट आली की जुन्या सगळ्यांचे कागद परत तपासतात. नोकरी, ग्रॅच्युइटी, नाव, सगळं एका कागदावर टांगून ठेवायचं आणि रिटायर होईपर्यंत रोज धास्तीत राहायचं, ८५ हजार देऊन?

आणि हे बघा, मान्यता कागदावर असतानाही लोक अडकलेत. छत्तीसगडने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा केला, तिथे भराभर ११२ विद्यापीठं निघाली, काहींचा तर कॅम्पसच नव्हता, २००५ साली सुप्रीम कोर्टाने त्या कायद्यातली ती तरतूदच रद्द केली. दुसरं प्रकरण त्याहून वाईट, काही डीम्ड विद्यापीठांनी परवानगी नसताना डिस्टन्सने इंजिनिअरिंगच्या डिग्र्या दिल्या, आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने २००१ ते २००५ मध्ये ॲडमिशन घेतलेल्यांच्या डिग्र्या निलंबित केल्या, परत परीक्षा द्या आणि पास व्हा म्हणून. विचार करा, नोकरीला लागून दहा-बारा वर्षं झालेली माणसं, बायका-पोरं असलेली, त्यांना परत परीक्षेला बसवलं. त्या मुलांनी तर पुस्तकं वाचली होती, परीक्षा दिल्या होत्या. तुमच्या दीराकडे तेवढंही नसेल.

त्याला करायचंच असेल तर सरळ रस्ता आहे. इग्नू संसदेच्या कायद्याने १९८५ साली झालेलं विद्यापीठ आहे, पणजीचं रिजनल सेंटर आहे, जानेवारी आणि जुलै अशी दोनदा ॲडमिशन असते, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. तीन वर्षांची डिग्री सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते म्हणजे शिफ्ट ड्युटी करणाऱ्याला जमतं, फी तर ८५ हजारांच्या आसपासही जात नाही. आणि डिस्टन्सची डिग्री कमी समजतील ही भीती त्याच्या मनातून काढा, मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिस्टन्सची किंवा ऑनलाइन डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची आहे असं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. बीएस्सीला प्रॅक्टिकल असतात, ती रजा काढून करावी लागतील, नसेल जमत तर बी.कॉम. बघू दे, स्टोअरचं काम आहे, इन्व्हेंटरी, हिशोब, ते त्याला उपयोगाचंही होईल. आधी मात्र एचआरला मेलवर विचारून घ्यायचं की प्रमोशनला कुठल्या विषयातलं ग्रॅज्युएशन चालेल आणि इग्नूचं चालेल ना, उत्तर लेखी घ्यायचं. तीन वर्षं जास्त वाटतात, पण २९ चा आहे तो, ३२ ला हातात खरी डिग्री असेल.

राहिले भरलेले १० हजार. नवऱ्याला त्या संस्थेला व्हॉट्सॲपवर आणि मेलवर स्वच्छ लिहू दे की आम्ही सहभाग रद्द करतोय, पैसे परत करा, आणि सात दिवसांची मुदत द्या. फोनवर बोलू नका, सगळं लेखी. जीपेचा स्क्रीनशॉट, ते पहिलं पत्र, माहितीपत्रक, लोगो असलेली पानं सगळं सेव्ह करा. नाही दिले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि ते धमकावायला लागले किंवा अजून पैसे मागायला लागले तर सायबरची १९३० आहे आणि जवळचं पोलीस स्टेशन आहे. पैसे परत मिळतीलच असं मी सांगत नाही, पण तक्रार नोंदवा, कारण त्यांच्या यादीत तुमच्या सासऱ्यांसारखे अजून कितीतरी मास्तर, भजनीबुवा, पेटीवादक असतील आणि त्यांच्या घरात पत्र लिहिणारं कोणी नसेल. दीरालाही सांगा, एजंटचे मेसेज डिलीट करू नकोस, 'मागची तारीख' असं त्याने लिहून पाठवलं असेल तर तेच उद्या कामाला येईल.